माशांच्या पिल्लांची एकादशी

दुकान बंद करून बराच काळ झाला, तरी तुमच्या हातचा खारटपणा काही गेला नाही, असं माझी सून म्हणते. मी सांबारात मीठ जास्त घालते हे सांगायची ही तिची सभ्य रीत. बिचारीचं चुकत नाही. उभा जन्म मी मुठीमुठीनं मीठ पाण्यात टाकलं. दुकानाचं शटर, कात्री, खुर्चीचे पाय, सगळं त्या मिठानं गंजवलं. मग माझी जीभ तेवढी कशी सुटणार?

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत माझं माशांचं दुकान होतं. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या कुणी ताटात मासा पाहिलेला नाही. त्यामुळे ‘गिरिजा माशांचं दुकान घालतेय’ ही बातमी नातेवाइकांत फुटली तेव्हा कुंभकोणमच्या मावशींनी अंथरूण धरलं. खायचे नव्हेत, काचेच्या पेटीत ठेवून बघायचे मासे, हे त्यांच्या गळी उतरवायला एक सबंध दुपार गेली. शेवटी त्या म्हणाल्या, “बघवाचे असतील तर देवळाचं तळं आहे की. विकत कशास घेवाचे?” लोक विकत घेत होते, एवढं खरं.

मासे सगळेच विकतात. माझ्या दुकानाचं नाव झालं ते माशांच्या खाण्यामुळे, म्हणजे आर्टेमियामुळे. ज्यांनी कधी टाकी पाळली नाही त्यांच्यासाठी सांगते. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातीचा एक बारीकसा जीव. मिठागरांत, खाऱ्या सरोवरांत होतो. पाणी आटलं की त्याची अंडी सुकून तपकिरी भुकटी होते आणि तशी वर्षानुवर्षं डब्यात राहते. हातावर घेतली तर कॉफीची पूड वाटेल. ही पूड मिठाच्या पाण्यात टाका, खालून पंपानं हवा सोडा, वर एक दिवा ठेवा. आमच्या तंजावूरच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी त्यातून नारिंगी ठिपके पोहायला लागतात. पंप बंद केला की रिकामी टरफलं वर तरंगतात, आणि जिवंत ठिपके दिव्याच्या उजेडाकडे गोळा होतात. ते नळीनं ओढायचे, तलम कापडात गाळायचे, साध्या पाण्यानं धुवायचे आणि माशांच्या पिल्लांना द्यायचे. नुकतं पोहायला लागलेलं पिल्लू कोरडं खाणं ओळखतच नाही. समोर काही हललं तरच ते तोंड उघडतं. टाकीत रंगीत कोळंब्या पाळणारी कॉलेजची मुलंही माझ्याकडून हेच न्यायची. त्यांच्या कोळंब्या तळाला पडलेले ठिपके दोन पायांत धरून, आपण मुरुक्कू, म्हणजे चकली, खातो तशा ऐटीत खायच्या.

ऐकायला सोपं आहे. पण माणसं सोप्या गोष्टीत काय काय घोटाळे करतात ते मी पाहिलं आहे. आमच्याच गल्लीतल्या एका बाईंनी तक्रार आणली की पूड खराब आहे, काहीच जन्मलं नाही. बाटली पाहिली तर पाणी पिवळंधमक आणि वर मोहरीचा दाणा तरंगतोय. त्यांच्याकडे नारत्तंगाय, म्हणजे ईडलिंबं, मिठात मुरवली होती. त्याचं उरलेलं पाणी फेकायचं जिवावर आलं म्हणून त्यांनी त्यात अंडी टाकली. “मीठ तर मीठच की, गिरिजे!” हळद, आंबटपणा आणि हिंग यांचं काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या वयानं मोठ्या होत्या. मी गपचूप दुसरी पुडी दिली.

तिरुवैयारुचे एक गायनाचे गुरुजी होते. त्यांची अंडीही कधी धड फुटत नसत. पाणी ठीक, मीठ ठीक, दिवा ठीक. एकदा मी स्वतः बसनं गेले तेव्हा उलगडा झाला. एअर पंपाची घरघर त्यांच्या षड्जाहून किंचित खाली लागत होती. शिष्य गायला बसले की त्यांना ती सहन होईना, म्हणून ते पंप बंद करत. शिकवणी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे अर्धा दिवस हवा बंद आणि अंडी तळाला गुदमरून पडलेली. “दुसऱ्या श्रुतीचा पंप आहे का?” त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी पंपाखाली जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, घडी घातली, तरी त्यांचं समाधान होईना. अखेर आर्टेमिया लावलेल्या दिवशी त्यांनी शिष्यांना पंपाच्या श्रुतीत गायला लावलं. संगीताचं काय झालं ठाऊक नाही, मासे मात्र धष्टपुष्ट झाले.

असे नमुने पुष्कळ. पण संपादकांनी पानं मोजून दिली आहेत, म्हणून आता सांबण्णांकडे वळते.

सांबमूर्तिराव हे आमच्या मराठी घरांतले लग्नाचे आचारी. मी त्यांना सांबण्णा म्हणायची. पापनाशमपासून तिरुवैयारुपर्यंत आमच्या लोकांचं कार्य म्हटलं की चुलीपाशी सांबण्णा हवेतच. सोवळ्यात स्वयंपाक करायचे आणि देवाला दाखवण्याआधी थेंबही जिभेला लावायचे नाहीत. वासावरून आणि उकळीच्या आवाजावरून त्यांना मीठ कळायचं. त्यांच्या बायकोला मी मन्नी म्हणायची. आमच्याकडे वहिनीला मन्नीच म्हणतात. मन्नींच्या जिभेला अख्खी गल्ली घाबरून असे, सांबण्णा सर्वांत जास्त.

या मन्नी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता धरून धरून उभ्या राहा. मन्नी काही केल्या उभ्या राहीनात. पाय जमिनीला लागला की त्यांना ते पडणं आठवायचं आणि घाम फुटायचा. रागावून झालं, समजावून झालं. खाटेवर बसून सगळ्या घराला आज्ञा करणाऱ्या या बाईला आपल्या दोन पायांना तेवढी आज्ञा करता येईना. सांबण्णांनी लांबची कामं सोडली. मन्नींचा वेळ जावा म्हणून माझ्याकडून एक टाकी नेऊन खाटेजवळ ठेवली आणि तिच्यात एंजल माशांची जोडी सोडली.

जोडीनं अंडी घातली. आईबाप पंखांनी वारा घालताहेत, अंड्यांतून शेपट्या वळवळताहेत, हे सगळं मन्नींनी खाटेवरून पाहिलं. मला रोज फोन. मग पिल्लं पोहायला लागली आणि काही दिवसांत एकेक करून तळाला गेली. दुसरी वीण तशीच गेली, तिसरीही. मी पहिल्यापासून सांगत होते की त्यांना जिवंत खाणं हवं. सांबण्णा ऐकेनात.

“हें धान्य की जीव?” पुडी हातात धरून त्यांनी विचारलं.

“पाण्यात पडेपर्यंत धान्यच म्हणा.”

“मग पाण्यांत कशास घालवाचं?”

उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. त्यांनी भाताची पेज गाळून घातली, डाळीचं पाणी घातलं, बेसन वस्त्रगाळ करून घातलं. एवढं सात्त्विक जेवण तंजावूरच्या कुठल्याच माशाला मिळालं नसेल. पाणी नासलं आणि पिल्लं उपाशी मेली.

तिसरी वीण गेली त्या दिवशी मी तिथेच होते. मन्नी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, “तुमच्या हातचं जेवून अस्के गाव, सगळं गाव तृप्त. आणि माझ्या उशाशी बाळं उपाशी मरतात.”

सांबण्णा उठले. पंचा खांद्यावर टाकून माझ्याबरोबर दुकानापर्यंत आले आणि म्हणाले, “दे ती पुडी. कसं करवाचं सांग.”

मी बाटली, पंप, दिवा सगळं दिलं आणि प्रमाणही समजावलं. चमचाभर पूड, दोन मोठे चमचे मीठ. इथे मी एक गोष्ट विसरले. ज्या माणसानं आयुष्यभर पंगतींचा स्वयंपाक केला त्याला चमच्याचं प्रमाण कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात गेले तर रसमचं सर्वांत मोठं पातेलं तोंडापर्यंत भरलेलं. त्यात माझी सगळी पुडी आणि मुठी मारून टाकलेलं कल्लुप्पु, म्हणजे खडे मीठ. पातेल्यात सगळं नारिंगी उसळत होतं. जगातल्या कुठल्याही दुकानदारानं हेवा करावा अशी ती पैदास होती.

“किती माणसांस पुरेल?” सांबण्णांनी काळजीनं विचारलं.

पिल्लं अजून जन्मायची होती! एंजलनं चौथ्यांदा घातलेली अंडी कुठे आदल्या दिवशी पानाला चिकटली होती. मग माझ्या दुकानातल्या सगळ्या टाक्यांत त्या दिवशी मेजवानी झाली. शेजारीपाजारी ज्यांच्याकडे मासे होते त्यांच्याकडे डबे गेले. तरी उरलेले सांबण्णांना टाकवेनात. जन्माला घातलेल्यांना मोरीत कसं ओतायचं? त्यांनी ते मिठाच्या पाण्यासकट अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडले. उन्हानं तिथलं पाणी हिरवं झालं, ते खाऊन आर्टेमिया नखाएवढे वाढले आणि उताणे पोहायला लागले. सांबण्णा कॉफीचा डवरा घेऊन टाक्याशी बसायचे. “उताणं पोहून काय बघतात गे, देवास?” असं मला विचारायचे. जे पिल्लांना खायला घालायचे त्यांच्यावरच माणसाची माया जडली, तर दुकानदारानं काय करावं?

यथावकाश चौथी वीण पोहायला लागली. आईबापांना आम्ही दुसऱ्या टाकीत हलवलं. सांबण्णा आता बाटलीतच अंडी लावायला शिकले होते. सकाळ-संध्याकाळ गाळून, धुऊन ड्रॉपरनं पिल्लांना घालायचे आणि मन्नी खाटेवरून पोटं मोजायच्या. या पिल्लांचं अंग काचेसारखं असतं. आर्टेमिया खाल्ला की पोट नारिंगी दिसतं. “भरलं! तेंही भरलं!” असा मन्नींचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

मग एकादशी आली.

सकाळीच मन्नींचा फोन. “गिरिजे, अत्ता ये. तुझे अण्णा माशांस उपास घालत आहेत.”

आमच्या दुकानात बाटल्या रोज लागत. मी डबीत ताजा आर्टेमिया गाळून घेतला आणि धावत गेले. सांबण्णा टाकीसमोर पाटावर बसले होते. स्वतः निर्जळी. पिल्लांची पोटं सपाट पडली होती आणि ती सगळी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात गोळा झाली होती. त्यांनी आदल्या दिवशी बाटली लावलीच नव्हती. दशमीला बाटली लावली तर एकादशीला जीव जन्मणार आणि एकादशीलाच मरणार, असा त्यांचा हिशेब.

मोठा मासा एक दिवस उपाशी राहिला तर त्याला बरंच असतं. पण पोहायला लागून दोन दिवस झालेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत दम धरत नाही. मी तसं सांगितलं. हेही त्यांनी आधी ऐकलेलं होतं.

“अण्णा, बाळांस उपास नसतो,” मी म्हणाले. “तुमच्या घरात एकादशीला तान्ह्याला दूध देत नाहीत का?”

“देतात.” त्यांनी माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं. “पण गिरिजे, त्यांत आहेत तींही आज जन्मलेलीं बाळंच की.”

मी खोटं सांगणार नाही, ते एक वाक्य मला तेव्हा बोचलं ते अजून बोचतं. सकाळी जन्म द्यायचा आणि दुपारी वाढून टाकायचं, हा माझा धंदा. त्यावर घर चाललं, मुलगा शिकला. मला माझ्या कामाचा अभिमान आहे. तरी मी डबी पुढे धरून नुसती उभी राहिले.

“सेरी, बरं,” खाटेवरून मन्नी म्हणाल्या. “तुम्ही दोघं विचार करत बसा. तीं मेलीं म्हणजे अस्के प्रश्न सुटतील.”

सांबण्णांनी डोळे मिटले. ओठ हलले. काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही, बहुधा त्या डबीतल्यांची क्षमा मागितली असावी. मग ते उठले. “पंगत बसलेली आहे,” ते म्हणाले, “आचाऱ्यास ती उपाशी उठवतां येत नाही.” आणि ड्रॉपर भरला.

पण तो सोडताना त्यांनी मान फिरवली. लाखाच्या पंगतीला न डगमगलेला माणूस, त्यानं नेमका तो ड्रॉपर पंपाच्या बुडबुड्यांत रिकामा केला. सगळं खाणं वर उडालं, चहूकडे पसरलं. मागच्या कोपऱ्यातल्या पिल्लांपर्यंत एक ठिपका पोचला नाही.

“तिकडे नको!” मन्नी ओरडल्या. “मागें! कोपऱ्यांत! अय्यो, भिंतीकडे म्हणून सांगतें ना!”

त्यांनी दुसरा ड्रॉपर भरला आणि गोंधळून पुन्हा तिथेच सोडला.

“आणा इकडे तें!”

ड्रॉपर त्यांच्या हातातून हिसकला गेला. मन्नी टाकीवर वाकल्या, डावा हात काठाला धरून उजवा हात थेट मागच्या कोपऱ्यात घातला, आणि थेंब थेंब सोडायला लागल्या. नारिंगी ढग पिल्लांवर उतरला. एक पिल्लू मागे सरलं, अंगाचा बाक केला आणि झडप घातली. मग दुसरं. मग सगळा कोपराच उसळला.

“खातात,” मन्नी म्हणाल्या. “गिरिजे, बघ, तें लहान आहे ना, तेंही खातं. पंप बंद कर गे थोडा वेळ.”

मी पंप बंद केला आणि सांबण्णांकडे पाहिलं. ते टाकीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर जमिनीवर होती, जिथे मन्नींची दोन्ही पावलं टेकलेली होती. त्यांनी मला हातानं खूण केली, बोलू नकोस. मग भिंतीकडचं स्टूल उचललं आणि आवाज न करता मन्नींच्या मागे आणून धरलं. ठेवलं नाही, धरलं. मन्नींची शेवटची पोटं मोजून होईपर्यंत ते तसेच वाकून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“अस्के जेवले,” असं म्हणून मन्नी मागे टेकल्या तर खाली खाट नव्हे, स्टूल. तेव्हा त्यांना कळलं. किंचाळल्या. मग आम्ही दोघं भ्यायलो आहोत हे पाहून आम्हालाच ओरडल्या.

त्या विणीतली पुष्कळ पिल्लं जगली. गल्लीत पुढं ज्याच्या-त्याच्या घरी मन्नींचे एंजल दिसायचे, आणि त्यांची जात कुठली म्हणून कुणी विचारलं तर आम्ही देशस्थ म्हणून सांगायचो. आता माझ्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. माशांचं खाणं गोठवून पाकिटात मिळतं, घरपोच येतं. सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण कोपऱ्यात उसळणारी पिल्लं पाहायची असतील तर खाणं हलणारंच हवं.

त्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सांबण्णांनी मला जेवायला बोलावलं. हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची पचडी, मुगाचं वरण. पारण्याचा सगळा बेत, आणि अर्थातच वीस माणसांना पुरेल इतका. टेबलाशी मन्नी खुर्चीवर होत्या. खाटेपासून खुर्चीपर्यंतची चार पावलं नवऱ्याच्या खांद्याला धरून चालत आल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला त्याला शिव्या घालत होत्या. पानं दोनच मांडली होती.

“अण्णा, तुमचं पान?” मी विचारलं.

“माझा आज उपास,” ते भात वाढत म्हणाले. “तुळशीचं तीर्थ घेऊन पारणं केलं. काल जे मेले, त्यांच्यासाठी आजचा.”

मी मान खाली घातली. मन्नींनी मात्र पहिला घास उचलून तसाच हातात धरला.

“आणि काल मी उभी राहिलें,” त्या म्हणाल्या, “त्यासाठी कोण जेवणार?”

सांबण्णांनी पळी ठेवली, आतून केळीचं एक पान आणलं, धुतलं, मन्नींच्या पानाशेजारी मांडलं आणि बसले. वाढायला मी उठले.